किमान तापमान

बदली होऊन जाताना वेंगुर्ल्याच्या पेडणेकरनं
काडेपेटीत घालून दिल्या सतरा बिया,
मिऱ्यांसारख्या काळ्या, मिऱ्यांहून हट्टी.
"मायाळू आहे. टाक कुठेही, येते."

कुठेही म्हणजे त्याच्या परसात,
जिथं कपडे वाळत घालायला ठोकलेल्या काठीलाही
आठवड्यात डोळे फुटतात.
इथं ग्वाल्हेरात, दौलतगंजच्या तिसऱ्या मजल्यावर,
जानेवारीत नळ सोडला
की बोटं कुणाची ते मोजून बघावं लागतं.
दोन वर्षं माकडटोपी घालून
हाच पेडणेकर माझ्या शेजारी पारा वाचायचा.
घरी पोचल्यावर विसरला.

मी वेधशाळेत एकतीस वर्षं
पहाटेच्या आकड्यांवर काढली:
किमान चार पूर्णांक दोन, धुकं दाट,
दृश्यता पन्नास मीटर.
मला कुणी सांगायला नको होतं.
तरी वसंत पंचमीला, नावात वसंत आहे म्हणून,
पाच बिया कुंडीत लोटल्या.

वीस दिवसांनी उकरून पाहिलं.
तीन कुजलेल्या. एक मुंग्यांनी नेली असावी.
एक जशीच्या तशी,
माझीच नोंद घेत बसलेली.

दुसऱ्या खेपेला सहा घेतल्या.
सँडपेपरवर एकेकीची कड घासली,
रात्रभर कोमट पाण्यात, मग ओल्या फडक्यात,
आणि पुडी ठेवली सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर.
घरात रात्रंदिवस अठ्ठावीस अंश असलेली
ती एकच जागा.
सुलभा मालिका संपवून बटण बंद करायला उठली
तर मी म्हणालो, "राहू दे चालू."
चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.
तिनं डोळे बारीक करून पाहिलं,
विचारलं काही नाही.

नवव्या दिवशी फडक्यात
काहीतरी पांढरं, अर्ध्या तांदळाएवढं.
मी चष्मा बदलून पुन्हा पाहिलं.

दोनच आल्या. धुळवडीनंतर गच्चीत नेल्या
आणि त्याच रात्री गारा.
खात्याचा इशारा होता, मीच वाचला नव्हता;
निवृत्त माणूस पेपर मागून वाचतो.
एक गेली.
दुसरी महिनाभर दोन पानांवर अडून बसली,
ना वर ना खाली,
फलाटावर सामान घेऊन उभ्या माणसासारखी.

मग मे. पारा चव्वेचाळीस,
लू सुटली, तुळस करपली,
भदौरियांचा गुलाब झोपला,
आणि ही कूलरच्या खालच्या गळक्या पाण्यावर
डिशच्या तारेला धरून निघाली.
जांभळं देठ, जाड पानं, रोज वीतभर.
सुलभानं डाळीत घातली.
बुळबुळीत.
मला अजिबात आवडली नाही,
हे मी पेडणेकरला कळवलेलं नाही.

भदौरियाबाई गच्चीवरून वाकून म्हणाल्या,
"अरे, ये तो पोई है!
हमारे यहाँ नाली के पास अपने आप उगती है."
मी म्हटलं, "अच्छा?"
आणि खाली जाऊन बघून आलो.
होती.
सेट-टॉप बॉक्सशिवाय, सँडपेपरशिवाय,
आषाढात, आपल्या वेळेला.

कार्तिकात फळं धरली, काळसर जांभळी.
चिरडली की बोटं तीन दिवस रंगलेली.
भदौरियांची नात आली, पाटीभर फुलं काढून गेली.
पहिल्या थंडीत वेल एका रात्रीत काळा पडला.
आठ अंश. मी नोंद केली,
कुणाला पाठवायची नव्हती तरी.

त्याच रसात काडी बुडवून
पेडणेकरच्या काडेपेटीवर लिहिलं,
शाई आत्ताच तपकिरी होत चाललीय:
बिया एकशे चार.
पंधरा मार्चच्या आत उघडू नये.